गुरुपुत्राचा सांभाळ

मुळशी तालुक्यातील माण येथून आमच्या एका वाचक-भगिनींनी ह्या खेपेस जे पत्र धाडले आहे, ते प्रश्नोत्तरांत दोन ओळींनी निकालात काढण्याजोगे नाही; म्हणून ह्या महिन्याचे सारे सदर आम्ही त्यासच देत आहो. माण हे आता नावापुरतेच खेडे उरले आहे. हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यानाचा तिसरा टप्पा तेथवर येऊन ठेपला, शेतांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि एके काळी बैलगाड्यांचा असलेला रस्ता आता मोटारींनी तुंबलेला असतो. त्या रस्त्याच्या कडेला, एका बांधकामाच्या पत्र्यांच्या आडोशास, एक मध्यम वयाचा इसम काही महिन्यांपासून राहत आहे. त्याजपाशी एक मोडकी पेटी आहे. भाता फाटलेला, निम्म्या पट्ट्या मुक्या. परंतु त्या पेटीवर तो जे गातो ते ऐकून, भगिनी लिहितात, कामावर निघालेली तरुण मंडळी क्षणभर थबकतात. गाणे संपले की तो कोणाशी तरी भांडू लागतो, आणि समोर तर कोणीच नसते.

घरात ह्याविषयी एकमत नाही. सासूबाई म्हणतात, तो कोणी अवलिया असावा. त्याच्या वाटेस जाऊ नये, दोन घास पोहोचते करावेत आणि नमस्कार करून परतावे. धाकटे दीर म्हणतात, उद्या त्याने दगड उचलला तर? पोलिसांत वर्दी देऊन त्यास येथून हलवावे हे बरे. शाळकरी मुले त्याचे गाणे मोबाइलवर टिपून जगभर धाडतात. भगिनी स्वतः रोज दुपारी भाजीभाकरी पाठवितात आणि विचारतात की, एवढ्याने आमचे कर्तव्य संपले काय. आणि संपले नसेल तर पुढे नेमके करावे तरी काय?

ह्या प्रश्नाचे काही उत्तर वैद्यकात आहे, काही कायद्यात आहे. तिकडे आम्ही येऊच. परंतु सव्वाशे वर्षांहून अधिक काळापूर्वी हाच प्रश्न एका महाराष्ट्रीय गृहस्थापुढे उभा राहिला होता, आणि त्याने तो जसा सोडविला तसा सोडविणारा दुसरा आमच्या पाहण्यात नाही. ती हकीकत आधी सांगतो.

ग्वाल्हेरचे ख्यालगायक हद्दू खाँ हे नाव, ज्या घरात तंबोरा आहे त्या घरात ठाऊक असतेच. हद्दू व हस्सू ह्या बंधूंची गायकी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे आली, आणि बाळकृष्णबुवांनी ती महाराष्ट्रात आणून रुजविली. आपल्या मुली गायनवर्गात ज्या बंदिशी घोकतात, त्यांतील कित्येक ह्याच वाटेने आपल्या ओसरीवर आलेल्या आहेत. हद्दू खाँ १८७५ साली वारले. त्यांचे चिरंजीव रहिमत खाँ. बापाची तालीम पोटात, गळा ईश्वराने दिलेला, आणि तरीही पित्याच्या पश्चात थोड्याच काळात ह्या मुलाचे चित्त ठिकाणावर राहिले नाही. अफूचे व्यसन जडले, ग्वाल्हेर सुटले, आणि ज्याच्या बापापुढे दरबार उठून उभा राहावा तो काशीच्या रस्त्यांवर चिंध्या पांघरून भीक मागत फिरू लागला. कोणी म्हणत की एखाद्या हितशत्रूने काही खाऊ घातले. आपल्याकडे उत्तम गवयाचा आवाज बसला किंवा बुद्धी फिरली की शेंदूर चारल्याची कथा ठरलेलीच! तीत एक सोय असते: दोष देण्यास शत्रू सापडतो, आणि आजाराकडे पाहावे लागत नाही.

आता विष्णुपंत छत्रे. हिंदुस्थानी सर्कशीचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वश्रुत आहे. पण तरुणपणी त्यांस दोन वेडे होती, एक घोड्यांचे आणि दुसरे गाण्याचे. दोन्ही विद्यांसाठी ते ग्वाल्हेरीस गेले. अश्वविद्या ते बाबासाहेब आपट्यांपाशी शिकले आणि गाणे हद्दू खाँसाहेबांपाशी. पुढे दक्षिणेत कुरुंदवाडकर पटवर्धनांच्या पदरी राहून त्यांनी घोडे तयार केले. मुंबईस चियारिनी नावाच्या इटालियन गृहस्थाची सर्कस आली असता, असले खेळ तुम्हां लोकांस इतक्यात साधावयाचे नाहीत, अशा अर्थाचे काही तो बोलला आणि ते विष्णुपंतांच्या जिव्हारी लागले, ही गोष्ट आमच्या वाचकांनी ऐकलीच असेल. १८८० साली त्यांची ग्रेट इंडियन सर्कस मुंबईत उभी राहिली.

रहिमत खाँ त्यांस काशीस सापडले. चेहऱ्यावरून ओळख पटावी अशी स्थिती उरली नव्हती. ओळख पटली ती गळ्यावरून, असे जुने लोक सांगत आले आहेत. विष्णुपंतांनी त्या समयी चार रुपये हातावर ठेवले असते, एखाद्या धर्मशाळेत अन्नाची सोय लावली असती, किंवा ग्वाल्हेर दरबारास पत्र लिहून आपण मोकळे झाले असते, तर त्यांस कोणी नावे ठेवली असती काय? आम्हांस तसे वाटत नाही. उलट, पंत मोठे दयाळू, असेच लोक म्हणाले असते. ह्यांतले काही न करता त्यांनी खाँसाहेबांस उचलून आपल्या बिऱ्हाडी आणले. आणि आणले हे एवढे सांगण्यासारखे नव्हे, आणतात पुष्कळ जण. त्यांनी ते ठेवले, हे सांगण्यासारखे आहे.

सर्कस म्हणजे फिरता संसार. वाघ, हत्ती, घोडे, तंबू, कसरतपटू, आचारी. आज ह्या गावी, उद्या त्या गावी. ह्या धावपळीत एक असा माणूस सांभाळावयाचा की ज्यास वेळेचे भान नाही, ज्याच्या न्हाण्याजेवणाची आठवण दुसऱ्याने ठेवावयाची, जो बोलतो तो पुष्कळदा स्वतःशीच. खाँसाहेबांचे हे चित्र त्यांस ऐकलेल्या जुन्या मंडळींच्या आठवणींतून येते. परंतु तंबोरे जुळले की तो विस्कटलेला माणूस कोठल्या कोठे जाई. स्वर लागला की असा लागे की त्यात कष्ट म्हणून दिसत नसत. उंच पट्टीत, सरळ, स्वच्छ, जणू श्वासच गाऊ लागला आहे. लोक त्यांस भूगंधर्व म्हणत. सर्कशीचा मुक्काम पडे तेथे त्यांचे जलसे होत, आणि ग्वाल्हेरच्या तालमीचे हे गाणे ज्या गावांनी एरवी कधी ऐकले नसते त्या गावांनीही ते ऐकले. गाणे संपले की खाँसाहेब पुन्हा आपल्या जगात परतत. बरे झाले असे त्यांच्याविषयी कोणी लिहीत नाही. अफू सुटली असेही कोणी म्हणत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत विष्णुपंत वारले. आता ह्या माणसाचे काय, असा प्रश्न पडावयास हवा होता. पण तो पडू दिला नाही. विष्णुपंतांचे बंधू काशीनाथपंत ह्यांनी जशी सर्कस पत्करली तसे खाँसाहेबांसही पत्करले. अखेरीस खाँसाहेब कुरुंदवाडास स्थिरावले. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचे हे संस्थानी गाव, जेथे १८७२ साली विष्णु दिगंबर पलुसकरांचा जन्म झाला. तेथेच १९२२ साली रहिमत खाँ निवर्तले. काही कोसांवर मिरज. तेथे राहणाऱ्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गाण्यावर रहिमत खाँ ह्यांच्या गळ्याची जी छाया पडली ती जाणकारांस अजून ऐकू येते. त्यातही भैरवीची ठुमरी, जी आपण अब्दुल करीम खाँ ह्यांचीच म्हणून ओळखतो, तिची वाट आधी रहिमत खाँ ह्यांनी पाडलेली. वार्धक्यात त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्या आज घरबसल्या ऐकावयास मिळतात. काशीच्या एका रस्त्यावर विझून गेला असता असा हा आवाज, एका घोडेवाल्याने गुरुऋण मानले म्हणून आपल्यापर्यंत पोहोचला.

आता ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. जलशांचे उत्पन्न कोणास मिळे? आजारी माणसास गावोगाव गावयास बसविणे हा उपकार की व्यापार? आम्हांस असे वाटते की, ह्या दोन गोष्टींत विष्णुपंतांच्या मनात भेद नसावा. सर्कशीत जो राहील तो आपली कला दाखवील व त्या अन्नावर सर्वांबरोबर जेवील, हा त्या संसाराचा नियम होता; खाँसाहेब त्या पंक्तीत बसले. गाणे हे त्यांचे एकमेव शाबूत राहिलेले अंग होते, आणि ते त्यांच्यापासून काढून घेऊन त्यांस नुसते कोपऱ्यात जपून ठेवणे अधिक दयाळूपणाचे झाले असते, असे आम्ही म्हणणार नाही. खरी कसोटी निराळी आहे. ज्या दिवशी खाँसाहेब गात नसत त्या दिवशी त्यांस जेवण मिळे की नाही? मिळे, एक दिवस नव्हे, वर्षानुवर्षे मिळे, आणि पोसणारा गेल्यावरही मिळत राहिले. एवढ्यावरून आमचे मत आम्ही बनविले आहे. ज्या काळी पंक्तिभेद कडक होता त्या काळी एका ब्राह्मण कुटुंबाने एका मुसलमान गवयास गुरुपुत्र म्हणून जन्मभर वागविले, हेही ओघाने सांगितले पाहिजे. नाते एकदा मानले की बाकीच्या अडचणींतून वाट निघते. नाते मानले नाही तर प्रत्येक अडचण पुरेशी ठरते.

ह्यात काही दैवाचाही भाग होता, हे नाकारता येत नाही. रहिमत खाँ हे हद्दू खाँ ह्यांचे पुत्र होते आणि त्यांचा गळा ओळखणारा कान त्या रस्त्याने गेला. त्याच काशीत, त्याच काळी, ज्यांस गाता येत नव्हते असे किती जण त्याच अवस्थेत फिरत असतील! त्यांची हकीकत लिहावयास आम्हांस नावदेखील उपलब्ध नाही. माणच्या त्या इसमाकडे आपले लक्ष गेले ते त्याच्या पेटीमुळे, हे भगिनी प्रांजळपणे लिहितात. पेटी हे निमित्त चांगले आहे. तेवढ्यावर थांबू नये, इतकेच.

सासूबाईंच्या म्हणण्याचा विचार आदराने केला पाहिजे. आळंदी आणि देहू ज्या मुलखात आहेत त्या मुलखात हातात एकतारी वा टाळ घेऊन स्वतःशी बोलत जाणारा माणूस कोणास खटकत नाही. आपल्या परंपरेत किती तरी संतांस लोकांनी आधी वेडे ठरविले आणि मागाहून पायांवर डोके ठेवले. तेव्हा न जाणो, हाही तसाच असला तर, ही शंका आपल्या रक्तातच आहे. तिने पुष्कळ दुबळ्या जिवांचे रक्षण केले आहे, हे आम्ही कबूल करतो. ज्यास अवलिया म्हटले त्यास निदान दगड तरी पडत नाहीत. परंतु दगड मारणारा आणि नमस्कार करणारा हे दोघेही त्या माणसापासून सारख्याच अंतरावर उभे असतात. अवलियास ताप भरला आहे काय, त्याच्या पायाच्या जखमेत किडे पडले आहेत काय, तो रात्री ज्याच्याशी भांडतो त्याचे भय त्यास किती वाटते, हे कोणी विचारीत नाही. तीर्थक्षेत्री घरच्यांनी आणून सोडलेली माणसे सापडतात ती ह्याच समजुतीच्या आडोशाने सोडलेली असतात: देवाच्या दारी आहे, म्हणजे देव पाहील.

आणि हे भय काल्पनिक नव्हे. समोर कोणी नसता आवाज ऐकू येणे, आपल्यावर कोणी टपले आहे अशी खात्री होणे, बोलण्याचा धागा सुटणे, न्हाण्याजेवणाची शुद्ध न राहणे ही लक्षणे ज्या विकारात दिसतात त्यास वैद्यकात स्किझोफ्रेनिया म्हणतात. मराठीत छिन्नमनस्कता असा शब्द रूढ झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात सुमारे तीनशे माणसांमागे एकास हा विकार असतो. तो बहुधा ऐन तारुण्यात उद्भवतो, म्हणजे शिक्षण पुरे होण्याच्या किंवा नाव मिळू लागण्याच्या सुमारास. तो कोणी चारलेल्या शेंदराने होत नाही, आईने लाड केल्याने होत नाही, आणि फार रियाज केल्यानेही होत नाही. सर्वच असे रस्त्यावरचे लोक ह्याच विकाराचे असतात असेही नव्हे. कोणास तीव्र उदासीनता, कोणास उन्माद, कोणास मेंदूचा दुसरा काही आजार, कोणास व्यसन, आणि पुष्कळांस ह्यांतील दोन गोष्टी एकत्र. ते ठरविणे तज्ज्ञाचे काम. रहिमत खाँ ह्यांस नेमके काय झाले होते हे आज शंभर वर्षांनी ठरवू पाहणे हा पोरखेळ होईल. एवढे मात्र खरे की ह्या विकारांवरील पहिले गुणकारी औषध, क्लोरप्रोमाझिन, पॅरिसच्या डॉक्टरांनी वापरात आणले ते १९५२ साली. खाँसाहेब गेल्यावर तीस वर्षांनी. विष्णुपंतांपाशी सांभाळण्याखेरीज दुसरे काही नव्हतेच. आपल्यापाशी औषध आहे. म्हणून आपला सांभाळ विष्णुपंतांहून सोपा झाला पाहिजे. तो तसा होताना दिसत नाही.

औषध असले तरी ते घेणाऱ्याची इच्छा लागते, ही मोठीच अडचण. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी २००५ साली स्टीव्ह लोपेझ नावाच्या वृत्तपत्रलेखकास बीथोव्हेनच्या पुतळ्याजवळ एक गृहस्थ दोनच तारा शिल्लक असलेले व्हायोलिन वाजविताना भेटले. नाथॅनिएल एअर्स हे त्यांचे नाव. न्यूयॉर्कच्या जूलियार्ड ह्या नामांकित संगीतविद्यालयात ते तरुणपणी डबल बास शिकत होते, तेथेच आजार उद्भवला, आणि पुढे त्यांचे घर म्हणजे एक ढकलगाडी व रस्ता. लोपेझ ह्यांनी त्यांच्यावर लेख लिहिले, त्यांचे २००८ साली पुस्तक झाले, २००९ साली चित्रपट निघाला. वाचकांनी वाद्ये पाठविली. पण लोपेझ ह्यांस जे हवे होते, की ह्याने औषध घ्यावे व बरे व्हावे, ते घडेना. एअर्स औषधाचे नाव काढू देत नसत, आणि छपराखाली यावयासही फार काळ राजी नव्हते. अखेर खोली स्वीकारली ती कोणी युक्तिवादाने जिंकले म्हणून नव्हे. एक माणूस पुन्हा पुन्हा येत राहिला म्हणून, आणि तेथील एका संस्थेने औषधाची अट न घालता दार उघडे ठेवले म्हणून. काशी आणि लॉस एंजेलिस ह्यांत साम्य शोधावयास आम्ही निघालो नव्हतो. ते आपण होऊन दिसले.

आता माणविषयी. प्रथम मुलांस सांगावे की त्या गृहस्थाचे चित्रण करून कोठे धाडू नये. २०१९ साली बंगालमधील राणाघाटच्या फलाटावर गाणाऱ्या एका बाईंचे गाणे असेच देशभर पसरले. त्यांस मुंबईस नेले, चित्रपटात गावयास लावले, आणि वर्षाच्या आतच तेच लोक त्यांच्या पेहरावाची व बोलण्याची थट्टा करू लागले. त्या बाईंचे एवढे हाल झाले. ज्यास आपल्याच मनाचे भय वाटते त्याचे काय होईल? चित्रणाचा एकच उपयोग आम्हांस मान्य आहे: पेटीवर तो काय गातो, बोली कोणती, मध्येच कोणत्या गावाचे वा माणसाचे नाव येते, हे कोणा जाणत्यास ऐकवावे. विष्णुपंतांस ओळख पटली ती गळ्यावरून. भजनी मंडळाच्या चालीवरून, नाटकातल्या पदांवरून, तमाशाच्या ढंगावरून माणूस कोठचा हे सांगणारे कान महाराष्ट्रात अजून आहेत.

दिरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु त्यांनी मनात धरलेला हेतू मात्र चुकीचा. पोलिसांस कळवावे ते त्यास हलविण्यासाठी नव्हे. २०१७ सालचा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याच्या शंभराव्या कलमाने ठाणेदारावरच ही जबाबदारी घातली आहे. आपल्या हद्दीत कोणी मनोविकाराने ग्रस्त माणूस निराधार फिरत असून स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे असे दिसल्यास त्यास संरक्षणाखाली घ्यावयाचे, चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीस न्यावयाचे, कोठडीत वा तुरुंगात ठेवावयाचे नाही, आणि घरदार नसल्यास हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करून घरच्यांचा शोध घ्यावयाचा. ह्यात उपकार नाही. तो कायदा आहे. हिंजवडीच्या ठाण्यात जाताना घरातील दोन कर्त्या माणसांनी जावे, कलमाचा आकडा लिहून न्यावा आणि अर्जाची पोच मागावी. हाताळणी सौम्य व्हावी म्हणून नेण्याच्या वेळी, ज्यांच्या हातची भाकरी तो घेतो त्यांनी समोर असावे, आणि त्याची पेटी त्याच्याबरोबर जाईल हे पाहावे. इतरांस ती भंगार वाटेल. निराधारास सरकारी उपचार विनामूल्य मिळण्याचा हक्क ह्याच कायद्याने दिला आहे, दारिद्र्यरेषेचे पत्रक हाती नसले तरी. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय माणहून काही फार दूर नाही. तत्पूर्वी सल्ला हवा असल्यास सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी-सेवा २०२२ पासून चालू आहे, क्रमांक १४४१६. मराठीत बोलता येते, दाम पडत नाही.

परंतु नेऊन पोहोचविले म्हणजे झाले असे समजू नये. दोन आठवड्यांनी, महिन्याने, तेथे जाऊन चौकशी करणारे कोणी आहे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. मुंबईचे डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी हे मनोविकारतज्ज्ञ दांपत्य १९८८ पासून हेच काम करीत आले. एका तरुणास करवंटीने गटारातले पाणी पिताना पाहून त्यांनी त्यास आपल्या लहानशा रुग्णालयात आणले. उपचारांनंतर तो पदवीधर निघाला, आंध्रातील सुस्थित घरचा. तेथून श्रद्धा पुनर्वसन प्रतिष्ठान उभे राहिले, २००६ साली कर्जतजवळ त्याचे केंद्र झाले, आणि २०१८ साली डॉ. भरत वाटवानी ह्यांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामाचा अर्धा भाग औषधाचा, अर्धा आगगाडीचा: माणूस शुद्धीवर येतो, गावाचे नाव सांगतो, आणि कार्यकर्ता त्यास घेऊन देशाच्या दुसऱ्या टोकास जातो. हजारो माणसे अशी घरी पोहोचली आहेत. कित्येक घरांनी तर त्यांचे दिवसही घातले होते.

येथे आमच्या वाचकांच्या घराशी गाठ पडते. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस कोणाच्या तरी ओसरीवरून उठून गेलेला असतो. आमच्या सदराकडे येणाऱ्या पत्रांत रस्त्यावरच्या लोकांविषयी क्वचितच काही असते; माडीवरच्या खोलीत ठेवलेल्या काकांविषयी, लग्नाच्या वाटाघाटींत ज्यांचे नाव घेतले जात नाही अशा आत्यांविषयी मात्र पुष्कळ असते. ती पत्रे बहुधा बिननावी येतात. एकत्र कुटुंबाने अशी माणसे पिढ्यान् पिढ्या सांभाळली, हे त्या पद्धतीचे मोठे पुण्य आहे, आणि झाकून ठेवली, हे तिचे पाप. कॅलगरी येथे सांख्यिकीचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी ह्यांच्या घरीच हा आजार आला तेव्हा त्यांनी तो झाकला नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर ह्यांचा २००४ सालचा ‘देवराई’ हा चित्रपट त्यांच्याच खटपटीने निघाला. गाण्याचेही ते मोठे षोकीन. कॅलगरीस हिंदुस्थानी संगीताचे मंडळ त्यांनी उभारले. ‘देवराई’ घरातल्या सर्वांनी एकत्र बसून पाहावा, अशी आमची शिफारस आहे; त्यातील भाऊ-बहिणीची ओढाताण पुष्कळांस ओळखीची वाटेल.

आणि ज्यांच्या घरी असे कोणी आहे त्यांच्या पत्रांत शेवटी एकच प्रश्न असतो: आमच्या पश्चात ह्याचे कोण? आईबापांची वये झालेली, भावंडे बंगळूर वा बोस्टनला, घर विकून सदनिका घेतलेली. विष्णुपंतांच्या घरी ह्या प्रश्नाचे उत्तर काशीनाथपंत होते. त्यांनी ते कधी बोलून दाखविले होते, की प्रसंग पडताच पुढे झाले, हे महत्त्वाचे नाही. ते जागेवर होते. आज प्रत्येक घरात काशीनाथपंत जागेवर असतीलच असे नाही, म्हणून ते आधी ठरवून ठेवावे लागतात. वर सांगितलेल्या कायद्यात त्याचीही सोय आहे. आजारी माणूस स्वतः, बरा असताना, आपल्या वतीने उपचारांविषयी कोणी निर्णयास साहाय्य करावे त्याचे नाव लिहून देऊ शकतो. त्यास नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणतात. तो रक्ताचाच असला पाहिजे असे नाही. मित्र चालतो, शेजारी चालतो, गुरुबंधूही चालेल. त्यास मुद्रांक लागत नाही, वकील लागत नाही. साध्या कागदावर लिहावयाचे आणि खाली सही करावयाची. सही येत नसल्यास अंगठा.